सूंऽऽ

परवा माळा आवरताना बाबांच्या जुन्या एलपी सापडल्या आणि त्यांच्याखाली एक कॅसेट. वर आईच्या अक्षरात एवढंच : 'आजी, १९८४'.

आमचे बाबा पक्के रेकॉर्डवाले. घरात टू-इन-वन आला तेव्हा म्हणाले होते, "ही सूंऽऽ कोण ऐकणार?"

त्यांचं चुकत नव्हतं. फिलिप्सने १९६३ मध्ये कॅसेट आणली तेव्हा ती संगीतासाठी नव्हतीच मुळी. बोलणं टिपून ठेवायचं, बस्स. फीत ३.८१ मिलिमीटर रुंद, वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर. फीत रुंद आणि वेग जास्त, तर आवाज स्वच्छ. इथे दोन्हीकडे काटकसर!

सोनीने १९७६ मध्ये त्यावर उपाय काढला, एल्कॅसेट. फीत पाव इंच रुंद, वेग दुप्पट. आवाज झकास, पण कॅसेट थोराड आणि यंत्र महाग. काही वर्षांत गाशा गुंडाळला. गंमत म्हणजे त्याच सोनीने १९७९ मध्ये वॉकमन आणला, तो साध्या छोट्या कॅसेटचा, आणि जग जिंकलं.

पुढेही तेच. १९९९ ची सुपर ऑडिओ सीडी दर्दी लोकांपुरतीच राहिली. लोकांनी जवळ केली ती आवाजाला कात्री लावणारी एमपीथ्री.

मी आजवर म्हणत आले, लोकांना कान नाहीत, सोय हवी. परवा शेजारून टेपरेकॉर्डर आणून ती कॅसेट लावली. आधी सूंऽऽ, मग आजी. जात्यावरच्या ओव्या, मध्येच खोकला, "झालं का गं?"

रेकॉर्ड काढायची तर स्टुडिओ हवा, कंपनी हवी, कारखाना हवा. आजीला कोण विचारणार होतं? टू-इन-वनची दोन बटणं दाबायला मात्र आई पुरेशी होती. गावोगावची भजनी मंडळं, शाहीर, भीमगीतं गाणारे यांचे आवाज घरोघर पोचले तेही याच स्वस्त फितीवरून. सोय म्हणजे नुसता आळस नव्हे, हे मला इतक्या उशिरा कळलं.

बाबांनी कॅसेट ऐकली. सूंऽऽबद्दल अवाक्षर नाही. म्हणाले, "परत लाव."

रात्री एमपीथ्री करून घरच्या ग्रुपवर टाकली आहे. तुमच्या माळ्यावर अशी एखादी असेल तर बुरशी लागायच्या आत काढा बघू!