रामेठा : घाटमाथ्यावरचे देखणे पण विषारी झुडूप

हिवाळ्यात हरिश्चंद्रगड किंवा कळसूबाईच्या परिसरात पिवळ्या चेंडूंसारखी फुले आलेले झुडूप दिसले, तर तो बहुधा रामेठा असतो. त्याचे दुसरे नाव दातपाडी. फोटोत ते सुंदर दिसते. पण त्याची साल आणि पाने विषारी आहेत.

कुळ कोणते?

रामेठ्याचे शास्त्रीय नाव निडिया ग्लॉका. नव्या वर्गीकरणात लॅसिओसायफन ग्लॉकस. थायमेलिएसी कुळातल्या या झुडपाचे युरोपातले नातेवाईक म्हणजे डॅफ्नी. ग्रीक भाषेत डॅफ्नी म्हणजे लॉरेल, त्यामुळे या कुळातल्या काही झुडपांनाही लॉरेल म्हणतात. खरे लॉरेल मात्र दालचिनी आणि तमालपत्राच्या लॉरेसी कुळातले. म्हणून ‘लॉरेल’ या नावावरून रामेठ्याचे पान स्वयंपाकात वापरण्याजोगे समजू नये.

ओळखायचा कसा?

• उंची साधारण १ ते ३ मीटर.
• पाने लांबट, टोकदार. फांदीच्या शेंड्याकडे दाटीने.
• फुलांचा गोल गुच्छ शेंड्यावर, त्याखाली रेशमी लव असलेली छदे.
• प्रत्येक फूल म्हणजे लवदार नळी. तिच्या टोकाला पाकळ्यांसारखे ५ भाग. लॅसिओसायफन म्हणजेच ‘लोकरी नळी’.
• साल चिवट, धागेदार. याच कुळातल्या डॅफ्नीच्या सालीपासून नेपाळमध्ये लोकता कागद बनतो.

कुठे आढळतो?

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याचा बराचसा भाग पर्जन्यछायेतला, कोरडा आहे. अकोले तालुक्याचा पश्चिम भाग मात्र सह्याद्रीत येतो आणि तिथे भरपूर पाऊस पडतो. तिथले उघडे डोंगरउतार, गवताळ कडे आणि रानाच्या कडा रामेठ्याला मानवतात. महाबळेश्वरपासून दक्षिणेकडच्या पश्चिम घाटात, श्रीलंकेत आणि आफ्रिकेतही तो आढळतो.

विषाचा धोका

रामेठ्याची साल किंवा पाने ठेचून डोहात टाकून मासे पकडण्याची जुनी पद्धत आहे. त्यामुळे मासे गुंगून वर येतात. पण हवे तेवढेच मासे मारणारे विष नसते. पिल्ले आणि पाण्यातले इतर जीवही त्यात मरतात, आणि उन्हाळ्यात आटलेल्या डोहात तर काहीच उरत नाही. पाण्यात विष कालवून मासे मारण्याला १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यानेच बंदी घातली होती.

फोटो जरूर काढा. फांदी मोडू नका, पान चावू नका आणि साल हाताळली तर हात धुवा.