पत्त्यांतली लढाई आणि गंजिफा

गंजिफा हा भारतातील जुना पत्त्यांचा खेळ. 16व्या शतकातील ‘आईन-ए-अकबरी’त त्याच्या 144 पानी जोडाचे वर्णन आहे. त्यातील 12 रंगांपैकी काही सैन्याचेच: अश्वपती घोडदळाचा, गजपती हत्तींचा, नरपती पायदळाचा, गडपती किल्ल्यांचा.

सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफात 10 रंग व 120 गोल पाने असतात. प्रत्येक रंगात राजा, वजीर आणि 1 ते 10 ची पाने. हुकूम नसतो. राजा-वजिरानंतर पहिल्या पाच अवतारांत दश्शी मोठी, पुढच्या पाचांत एक्का.

घरच्या 52 पानांतून लढाईचा खेळ रचताना हीच युक्ती वापरता येते. चार रंगांची चार दले करावीत. दोन दलांत दश्शी मोठी, दोनांत एक्का. मग लहान पानही वेळेला कामी येते.