मोटरहोममधील फ्रिज : प्रवासाच्या आदल्या दिवसाची तयारी

निवास, स्वयंपाक व निद्रेची सोय असलेले मोटरहोम किंवा कॅरॅव्हॅन घेऊन सहलीस निघण्याची प्रथा अमेरिका व युरोपमध्ये दीर्घकाळ रुळलेली आहे. भारतात महाराष्ट्र व केरळ या राज्यांनी २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनासाठी धोरण जाहीर केले. अशा वाहनातील फ्रिज घरच्या फ्रिजसारखा दिसत असला, तरी त्यांपैकी अनेकांची कार्यपद्धती वेगळी असते. प्रवासातील अन्न सुरक्षित राहील की नाही, हे बहुतांशी आदल्या दिवशीच ठरते.

कार्यपद्धती

घरगुती फ्रिज विजेवरील कॉम्प्रेसरने चालतो. मोटरहोममध्ये मात्र शोषण पद्धतीचा फ्रिज अनेक दशके प्रचलित आहे. बाल्टझार फॉन प्लाटेन व कार्ल मुंटर्स या दोन स्वीडिश विद्यार्थ्यांनी १९२२ मध्ये स्टॉकहोम येथे त्याची रचना सिद्ध केली.

या फ्रिजमध्ये अमोनिया, पाणी व हायड्रोजन एका बंदिस्त नळीजालात भरलेले असतात. उष्णता दिल्यावर पाण्यातून अमोनिया वायुरूपाने बाहेर पडतो, थंड होऊन द्रवरूप होतो आणि पुढे हायड्रोजनच्या सान्निध्यात त्याचे बाष्पीभवन होताना फ्रिजमधील उष्णता शोषली जाते. त्यानंतर तो पुन्हा पाण्यात विरघळतो. यात पंप किंवा अन्य हलता भाग नसतो. लागणारी उष्णता एलपीजीच्या ज्योतीतून, विजेतून किंवा वाहनाच्या १२ व्होल्ट पुरवठ्यातून मिळते.

पूर्वशीतन का आवश्यक

ही प्रक्रिया संथ असते. रिकामा फ्रिज पुरेसा थंड होण्यास कित्येक तास लागतात. त्यामुळे तो निघण्यापूर्वी २४ तास सुरू करणे श्रेयस्कर ठरते.

१० लिटर पाणी ३० अंश सेल्सियसवरून ४ अंशांवर आणण्यासाठी सुमारे १,०९० किलोज्यूल उष्णता काढावी लागते. ५० वॅट दराने हे काम झाले, तरी त्यास सुमारे ६ तास लागतील. म्हणूनच शीतपेये, दूध व शिजवलेले पदार्थ घरच्या फ्रिजमध्ये आधी गार करून मगच वाहनात ठेवावेत. वाहनातील फ्रिजकडून गारवा टिकवण्याची अपेक्षा ठेवावी, निर्माण करण्याची नव्हे.

पदार्थ खच्चून भरू नयेत. हवा खेळती राहिली नाही, तर काही कप्पे उबदारच राहतात. मात्र गोठवलेल्या पाण्याच्या एक-दोन बाटल्या ठेवल्यास गारवा अधिक काळ टिकतो.

तापमानाची मर्यादा

अमेरिकेच्या कृषी विभागाच्या मार्गदर्शनानुसार फ्रिजमधील तापमान ४ अंश सेल्सियस किंवा त्याहून कमी असावे. नाशवंत पदार्थ त्याहून अधिक तापमानात २ तासांपेक्षा जास्त राहू नयेत. बाहेरचे तापमान ३२ अंशांहून अधिक असल्यास ही मर्यादा १ तासाची आहे. फ्रिजवरील आकड्यांच्या बटणावर विसंबून न राहता आत स्वतंत्र तापमापक ठेवावा.

वाहन समतल असणे

नळ्यांतील द्रव गुरुत्वाकर्षणाने वाहत असल्याने फ्रिज सुरू असताना वाहन समतल जागी उभे असणे अत्यावश्यक आहे. तिरप्या जागी बराच वेळ उभे राहिल्यास अभिसरण थांबते, उष्णता मिळणारा भाग प्रमाणाबाहेर तापतो आणि गंजरोधक रसायनाचे कण नळ्यांत साचून फ्रिज कायमचा निकामी होऊ शकतो. चालत्या वाहनात द्रव सतत हलत असल्याने हा धोका कमी असतो. कॉम्प्रेसरवर चालणाऱ्या १२ व्होल्टच्या फ्रिजला उताराचा असा त्रास सहसा होत नाही व तो लवकर थंड होतो. मात्र त्यासाठी बॅटरी सक्षम हवी.

प्रवासात घ्यावयाची काळजी

पेट्रोल पंपावर जाण्यापूर्वी एलपीजीची ज्योत विझवणे अनिवार्य समजावे. वाहन चालत असताना सिलिंडर बंद ठेवणे अधिक सुरक्षित होय. शोषण फ्रिजमध्ये १२ व्होल्टचा पुरवठा बहुधा आधीचा गारवा राखण्यापुरताच उपयोगी पडतो. इंजिन बंद असताना तो सुरू राहिल्यास बॅटरी काही तासांत उतरते. पूर्ण थंड झालेला व दार बंद असलेला फ्रिज पुरवठ्याविनाही काही तास तग धरतो. त्यामुळे दार वारंवार उघडू नये.

फ्रिजच्या मागील बाजूच्या हवेच्या जाळ्या मोकळ्या ठेवाव्यात. अमोनियाचा उग्र वास आल्यास किंवा नळ्यांवर पिवळसर थर दिसल्यास फ्रिज त्वरित बंद करून वाहनाबाहेर पडावे आणि तंत्रज्ञाकडून तपासणी होईपर्यंत तो पुन्हा सुरू करू नये.

प्रवास संपल्यावर फ्रिज रिकामा करून पुसावा व त्याचे दार किंचित उघडे ठेवावे. त्यामुळे बुरशी व दुर्गंधी टळते.