गोमंतकातील खाजन शेती आणि बांधांची निगा
बांदोडे येथील मौर्य अनिर्जितवर्म्याच्या सहाव्या शतकाच्या सुमाराच्या ताम्रपटात ‘खज्जन’ हा शब्द आढळतो. खाडीकाठची खारट जमीन लागवडीस आणण्याचा गोमंतकातील उद्योग किती प्राचीन आहे, हे त्यावरून ध्यानी येते. भरतीचे पाणी बांध अडवी, ओहोटीस मानशीची दारे आपोआप उघडत आणि पावसाने क्षार धुऊन निघालेल्या मातीत कोरगुट भात पिके. मानशीपाशी मासळीही मिळे. बांधांची निगा गांवकारी राखी. १९६४ च्या कूळकायद्यानंतर हा भार क्रमाने कुळांच्या संघांकडे आला. आज समुद्राची पातळी वाढत असता फुटलेला बांध वेळीच न बांधल्यास शेत खारावते व घरचे भात जाते. खाजन बुडण्याचे कारण केवळ समुद्रात शोधणे म्हणूनच अपुरे होय. बांध कोणी राखावा, या प्रश्नाचा इतिहासही तपासला पाहिजे.