साउथ ऑरेंजचं गवत

‘ईस्टर्न ग्रास कोर्ट चॅम्पियनशिप’ हे नाव आज टेनिसवेड्यांनाही चटकन आठवणार नाही. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर उन्हाळाभर गवतावरच्या स्पर्धा व्हायच्या, त्यातली ही एक. दुसऱ्या महायुद्धानंतर ती न्यू जर्सीतल्या साउथ ऑरेंज इथल्या ऑरेंज लॉन टेनिस क्लबमध्ये भरायची. फॉरेस्ट हिल्सला होणाऱ्या राष्ट्रीय स्पर्धेची ही रंगीत तालीमच.

तालीम लागायची, कारण गवतावर चेंडू घसरतो, फारसा उसळत नाही आणि जमीन उखडलेली असेल तर भलतीकडेच जातो. क्लेवर कितीही घाम गाळा, याची सवय गवतावरच होते. म्हणून राष्ट्रीय स्पर्धेत प्रवेश देताना गवतावरची कामगिरी बघायची. निकष वरवर अगदी शास्त्रीय! पण गवत होतं खासगी क्लबांच्या मालकीचं आणि स्पर्धांना लागायचं निमंत्रण. नियमात वंशाचा उल्लेख करायची गरजच नव्हती.

हार्लेममध्ये वाढलेली अल्थिया गिब्सन इथेच अडकली. कृष्णवर्णीयांच्या अमेरिकन टेनिस असोसिएशनची ती १९४७ पासूनची विजेती, पण गवतावरच्या मोठ्या स्पर्धा तिला बंद. जुलै १९५० मध्ये माजी विजेत्या ॲलिस मार्बलने ‘अमेरिकन लॉन टेनिस’ मासिकात हा घोळ जाहीरपणे मांडला: गवतावर खेळून दाखव म्हणायचं आणि खेळायला बोलवायचं नाही. (‘अनुभव असेल तरच नोकरी’ हे आपण ऐकलेलं असतं. पण इथे कारण कातडीचा रंग होता.) न्यू जर्सीच्या राज्य स्पर्धेने पुरेशी माहिती नाही म्हणून तिचा अर्ज नाकारला. ऑरेंज क्लबने स्वीकारला.

तिथे ती दुसऱ्याच फेरीत हरली. पण गवतावर खेळल्याची नोंद झाली, आणि त्याच ऑगस्टमध्ये ती फॉरेस्ट हिल्सला उतरली. दुसऱ्या फेरीत समोर विम्बल्डन विजेती लुईस ब्रॉ. तिसऱ्या सेटमध्ये गिब्सन ७-६ ने पुढे असताना वादळ आलं, खेळ थांबला. दुसऱ्या दिवशी ब्रॉने तो सेट ९-७ असा जिंकला. १९५७ आणि १९५८ मध्ये मात्र विम्बल्डन आणि फॉरेस्ट हिल्स दोन्ही गिब्सनचीच.

१९७५ मध्ये फॉरेस्ट हिल्सनेच गवत सोडून क्ले आणलं. मग तालीम तरी कशाची करायची? साउथ ऑरेंजची स्पर्धाही क्लेवर गेली आणि १९८० च्या दशकात बंद पडली.