टाल, मिखाईल

(९ नोव्हेंबर १९३६–२८ जून १९९२). लॅटव्हियात जन्मलेला प्रख्यात सोव्हिएट बुद्धिबळपटू व आठवा जगज्जेता. वयाच्या तेविसाव्या वर्षी त्याने जगज्जेतेपद मिळविले आणि चोविसाव्या वर्षी ते गमावले. मूत्रपिंडाच्या जुनाट विकाराने त्याला तारुण्यापासूनच ग्रासले होते व त्याची कारकीर्द वारंवार खंडित झाली. आजाराने अकाली विझविलेली प्रतिभा, असे त्याचे वर्णन अनेकदा केले जाते. ते अंशतःच खरे आहे. आजाराने जगज्जेतेपदाचा मार्ग त्याला बंद केला. पण त्याच्या खेळाची शक्ती आजाराला हिरावून घेता आली नाही. त्याच्या यशापैकी काही सर्वांत टिकाऊ यश मूत्रपिंड काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियेनंतरचे आहे.

टालचा जन्म त्या वेळी स्वतंत्र असलेल्या लॅटव्हियाची राजधानी रीगा येथे एका ज्यू कुटुंबात झाला. वडील वैद्यकीय व्यवसायात होते. त्याच्या उजव्या हाताला जन्मतःच व्यंग असून त्या हाताला तीनच बोटे होती. १९४० मध्ये लॅटव्हिया सोव्हिएट संघात समाविष्ट करण्यात आला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हे कुटुंब उरल प्रदेशात स्थलांतरित झाले व युद्धानंतर रीगाला परतले. टालची स्मरणशक्ती व आकलन लहानपणापासून असामान्य होते. तिसऱ्या वर्षी तो वाचू लागला व पंधराव्या वर्षी त्याला विद्यापीठात प्रवेश मिळाला. तेथे त्याने साहित्याचा अभ्यास केला व इल्फ आणि पेत्रोव्ह ह्या विनोदी लेखकद्वयाच्या उपरोधिक लेखनावर प्रबंध लिहिला.

बुद्धिबळाची ओळख त्याला बालपणी वडिलांमुळे झाली. रीगा येथील मुलांच्या बुद्धिबळ मंडळात तो खेळू लागला व पुढे अलेक्सांद्र कोब्लेन्त्स ह्या लॅटव्हियन खेळाडूचे मार्गदर्शन त्याला लाभले. कोब्लेन्त्सने त्याच्या आक्रमक वृत्तीला आवर न घालता तिला अभ्यासाची जोड दिली. १९५३ मध्ये टालने लॅटव्हियाचे अजिंक्यपद मिळविले. १९५७ मध्ये, विसाव्या वर्षी, तो सोव्हिएट संघाचा अजिंक्यवीर झाला. सोव्हिएट अजिंक्यपदाची स्पर्धा त्या काळी जगातील सर्वांत कठीण स्पर्धांपैकी एक मानली जात असे. हे यश पाहून आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाने, म्हणजेच फिडेने, आपले नेहमीचे नियम बाजूस ठेवून त्याला ग्रँडमास्टर हा किताब दिला. १९५८ मध्ये त्याने राष्ट्रीय अजिंक्यपद राखले.

टालची क्रीडापद्धती समकालीनांना चकित करणारी होती. त्या काळच्या सोव्हिएट बुद्धिबळावर शास्त्रशुद्ध पूर्वतयारीचा व पटावरील स्थितीच्या काटेकोर मूल्यमापनाचा प्रभाव होता. टाल मात्र घोडा, उंट किंवा हत्ती बिनदिक्कत बळी देऊन प्रतिस्पर्ध्याच्या राजावर तुटून पडे. असे काही बळी नंतरच्या विश्लेषणात सदोष ठरले. तथापि घड्याळ चालू असताना, हजारो शक्यतांच्या जाळ्यात बिनचूक उत्तर शोधण्याचे काम प्रतिस्पर्ध्यावर येऊन पडे आणि बहुतेकांना ते पेलत नसे. त्याची तीक्ष्ण, रोखलेली नजरही प्रसिद्ध होती. १९५९ च्या आव्हानवीर स्पर्धेत पाल बेन्को हा खेळाडू त्या नजरेपासून बचाव म्हणून काळा चष्मा लावून पटावर बसला होता.

टालच्या आजाराचा परिणाम समजण्यासाठी त्या वेळची जगज्जेतेपदाची रचना लक्षात घेणे आवश्यक आहे. ही साखळी तीन वर्षांची असे. विभागीय व आंतरविभागीय स्पर्धांतून निवडलेले खेळाडू आव्हानवीर स्पर्धेत एकमेकांशी खेळत आणि तिचा विजेता जगज्जेत्याशी चोवीस डावांचा सामना करी. प्रत्येक डाव सलग पाच तास चाले. त्यात निकाल न लागल्यास तो तहकूब होई. त्या स्थितीचे विश्लेषण रात्री करावे लागे व पुढील दिवशी खेळ पुन्हा सुरू होई. असा सामना सुमारे दोन महिने चाले. म्हणजे प्रतिभेइतकीच शारीरिक सहनशक्तीची कसोटी ह्या रचनेत होती. शिवाय एखाद्या आजारामुळे एक संधी हुकली, तर पुढील संधीसाठी तीन वर्षे वाट पाहणे भाग पडे.

ही सर्व चढण टालने पहिल्याच प्रयत्नात पार केली. १९५८ मध्ये पोर्तोरोझ येथील आंतरविभागीय स्पर्धा त्याने जिंकली. १९५९ ची आव्हानवीर स्पर्धा यूगोस्लाव्हियातील ब्लेड, झाग्रेब व बेलग्रेड ह्या ठिकाणी झाली. तीत आठ खेळाडू परस्परांशी चार-चार डाव खेळले. टालने २८ डावांत २० गुण मिळवून प्रथम क्रमांक पटकावला. दुसऱ्या क्रमांकाच्या पाउल केरेसला १८½ गुण मिळाले. त्या वेळी सोळा वर्षांचा असलेल्या बॉबी फिशरला टालने चारही डावांत हरविले.

१९६० चा जगज्जेतेपदाचा सामना १५ मार्च रोजी मॉस्को येथे सुरू झाला. प्रतिस्पर्धी मिखाईल बोटविनिक हा सोव्हिएट बुद्धिबळाचा अध्वर्यू होता. तो टालपेक्षा पंचवीस वर्षांनी मोठा होता. पहिलाच डाव टालने जिंकला. सहाव्या डावात काळी मोहरी घेऊन खेळताना त्याने एकविसाव्या चालीस घोडा बळी दिला, तेव्हा सभागृहात इतका गलबला झाला, की पंचांना खेळाडूंना आतील खोलीत हलवावे लागले. त्या बळीला बिनतोड उत्तर असल्याचे पुढे दिसून आले. पण बोटविनिकला ते पटावर सापडले नाही व डाव टालने जिंकला. ७ मे रोजी सामना संपला, तेव्हा टालने सहा डाव जिंकले होते, दोन गमावले होते व तेरा बरोबरीत सुटले होते. १२½–८½ अशा गुणांनी तो तोपर्यंतचा सर्वांत तरुण जगज्जेता ठरला. हा विक्रम १९८५ पर्यंत टिकला. त्या वर्षी बाविसाव्या वर्षी गॅरी कास्पारोव्हने तो मोडला व २०२४ मध्ये भारताच्या दोम्माराजू गुकेशने अठराव्या वर्षी जगज्जेतेपद मिळवून ही वयोमर्यादा आणखी खाली आणली.

त्या वेळच्या नियमानुसार पराभूत जगज्जेत्याला एका वर्षाच्या आत परतीचा सामना मागण्याचा अधिकार होता. ह्याच अधिकाराने बोटविनिकने १९५८ मध्ये वसिली स्मिस्लोव्हकडून जगज्जेतेपद परत मिळविले होते. १९६१ च्या प्रारंभी टालच्या मूत्रपिंडाचा विकार बळावला होता व रीगा येथील डॉक्टरांनी त्याला सामना लांबणीवर टाकण्याचा सल्ला दिला. ग्रँडमास्टर यूरी आव्हेरबाख ह्याच्या सांगण्याप्रमाणे, मॉस्कोतील डॉक्टरांनी प्रमाणपत्र दिले तरच पुढे ढकलण्यास मान्यता देण्याची भूमिका बोटविनिकने घेतली. त्यावर टालने ठरल्या वेळीच खेळण्याचा निर्णय घेतला. १५ मार्च रोजी सामना सुरू झाला व १२ मे रोजी संपला. बोटविनिकने दहा डाव जिंकले, टालने पाच. सहा डाव बरोबरीत सुटले. १३–८ अशा गुणांनी जगज्जेतेपद पुन्हा बोटविनिककडे गेले.

ह्या पराभवाचे कारण केवळ आजारात शोधणे बोटविनिकवर अन्याय करणारे ठरेल. मधल्या काळात त्याने टालच्या डावांचा कसून अभ्यास केला होता. पटावर मोकळी, गुंतागुंतीची स्थिती निर्माण होऊ न देणे, वजिरांची लवकर मारामारी घडवून आणणे आणि टालला डावाच्या अंतिम अवस्थेत खेचणे, हे त्याचे धोरण होते व त्याने ते निर्धाराने अमलात आणले. उलटपक्षी, आजाराचा वाटा नाकारणेही योग्य नाही. दीर्घ, रटाळ बचावाची व तहकूब डावांच्या विश्लेषणाची चिकाटी आजारी माणसाजवळ कमी असते, आणि बोटविनिकच्या धोरणाचा रोख नेमका तेथेच होता. १९६३ मध्ये बोटविनिक तिग्रान पेट्रोस्यानकडून हरला, तेव्हा परतीच्या सामन्याचा अधिकार रद्द झालेला होता. पेट्रोस्यानचे पद त्यामुळे तीन वर्षे निर्वेध राहिले. टालच्या वाट्याला ती सवलत आली नव्हती.

पराभवानंतर काही महिन्यांतच, १९६१ मध्ये, ब्लेड येथील मोठी स्पर्धा टालने फिशरला एका गुणाने मागे टाकून जिंकली. ह्यावरून त्याचे सामर्थ्य ओसरले नव्हते, हे स्पष्ट होते. परंतु १९६२ मध्ये क्यूरासाओ बेटावरील आव्हानवीर स्पर्धेला तो मोठ्या शस्त्रक्रियेनंतर थोड्याच अवधीत गेला. २८ पैकी २१ डाव झाल्यावर त्याला रुग्णालयात दाखल व्हावे लागले व स्पर्धा सोडावी लागली. तोपर्यंत त्याने तीन डाव जिंकले होते व दहा गमावले होते. तीन वर्षांपूर्वी ज्याला त्याने सलग चार डावांत हरविले होते, तो फिशर रुग्णालयात त्याला भेटण्यास गेला व दोघे खाटेवरच बुद्धिबळ खेळले. १९६५ मध्ये टालने लायोश पोर्टिश व बेंट लार्सन ह्यांना हरवून आव्हानवीर सामन्यांची अंतिम फेरी गाठली; पण तेथे बोरिस स्पास्कीने त्याचा ७–४ असा पराभव केला. १९६८ मध्ये व्हिक्टर कोर्चनॉयने त्याला उपांत्य फेरीत रोखले. जगज्जेतेपदाच्या सामन्यात टाल पुन्हा कधीच खेळला नाही.

१९६९ मध्ये त्याचे एक मूत्रपिंड काढून टाकण्यात आले. त्यानंतर जे घडले, ते बुद्धिबळाच्या इतिहासात विरळा आहे. जुलै १९७२ ते एप्रिल १९७३ ह्या काळात टाल सलग ८६ डाव अपराजित राहिला. त्यांपैकी ४७ त्याने जिंकले. ह्या मालिकेनंतर १९७३ च्या लेनिनग्राड येथील आंतरविभागीय स्पर्धेत त्याला अपयश आले. परंतु ऑक्टोबर १९७३ ते ऑक्टोबर १९७४ ह्या काळात त्याने ९५ डावांची आणखी दीर्घ अपराजित मालिका रचली. त्यांत ४६ विजय होते. श्रेष्ठ दर्जाच्या खेळातील हा विक्रम चव्वेचाळीस वर्षे अबाधित राहिला. २०१८ मध्ये चीनच्या डिंग लिरेनने शंभर डावांपर्यंत मजल मारून तो मोडला व पुढे मॅग्नस कार्लसनने १२५ डावांची मालिका पूर्ण केली.

ह्या काळात त्याचा खेळ बदलला होता. धाडसी बळी संपले नव्हते. पण ते आता अधिक पारखून दिले जात आणि साध्या, शांत स्थितीतही तो सफाईने खेळू लागला. ज्या गुणांच्या अभावी तो १९६१ मध्ये हरला, ते गुण त्याने आजारपणाच्या वर्षांत आत्मसात केले, असे त्याच्या डावांवरून म्हणता येते. सोव्हिएट अजिंक्यपद त्याने एकूण सहा वेळा मिळविले वा विभागून घेतले (१९५७, १९५८, १९६७, १९७२, १९७४ व १९७८). १९७९ मध्ये माँट्रिऑल येथे अनातोली कार्पोव्हबरोबर त्याने पहिला क्रमांक विभागून घेतला, तर त्याच वर्षी रीगा येथील आंतरविभागीय स्पर्धा १७ पैकी १४ गुणांनी जिंकली. १९५८ ते १९८२ ह्या काळात आठ ऑलिंपियाडांत तो सोव्हिएट संघातर्फे १०१ डाव खेळला. त्यांपैकी ६५ जिंकले, ३४ बरोबरीत सोडविले व केवळ २ गमावले. पटाबाहेर तो उत्तम लेखकही होता. १९६० च्या सामन्यावरील त्याचा ग्रंथ व १९७६ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झालेले त्याचे आत्मकथनात्मक डावसंकलन ही बुद्धिबळ-साहित्यात मान्यता पावली आहेत. रीगा येथून निघणाऱ्या शाख्स ह्या नियतकालिकाचे संपादनही त्याने १९६० ते १९७० ह्या काळात केले.

अखेरच्या वर्षांत त्याची प्रकृती ढासळत गेली. अतिधूम्रपान व मद्यपान ह्यांमुळे ती अधिकच खालावली. तरीही १९८८ मध्ये कॅनडातील सेंट जॉन येथे पाच-पाच मिनिटांच्या झटपट डावांची जागतिक स्पर्धा त्याने एक्कावन्नाव्या वर्षी जिंकली. कास्पारोव्ह व कार्पोव्ह हे तीत सहभागी होते. प्रदीर्घ सामन्याला लागणारे शरीर त्याच्याजवळ उरले नव्हते, पण पाच मिनिटांच्या डावाला ते पुरेसे होते. मे १९९२ मध्ये मॉस्कोतील रुग्णालयातून बाहेर पडून तो अशाच एका झटपट स्पर्धेत खेळला व तीत त्याने विद्यमान जगज्जेता कास्पारोव्हला एका डावात हरविले. त्यानंतर एका महिन्याने मॉस्को येथे त्याचे निधन झाले. रीगा येथील ज्यू दफनभूमीत त्याचे दफन करण्यात आले. त्याच्या स्मरणार्थ २००६ पासून मॉस्को येथे टाल स्मृतिस्पर्धा भरविण्यात येऊ लागली.