शालूक : तळ्यातल्या कंदाची नोंद

कुमुदाचे फूल काव्यात आणि शिल्पात गेले. त्याच्या कंदाचा माग काढायचा तर कोश आणि वैद्यकग्रंथ उघडावे लागतात. अमरकोशाच्या वारिवर्गात कमळ-कुमुदांच्या कंदाला ‘शालूक’ म्हटले आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, पाचव्या अध्यायात, शालूक नित्य खाऊ नये असे सांगितले आहे. कारण तो पचायला जड. भरल्या पोटाला जो दोष, तोच उपाशी पोटाला आधार. सोलून उकडलेला किंवा निखाऱ्यावर भाजलेला हा पिठूळ कंद भूक लांबवतो.

नागपूर जिल्ह्यातला कुही तालुका भंडाऱ्याच्या तळ्यांच्या मुलखाला लागून आहे. उथळ, गाळाच्या तळ्यांत कुमुद आपोआप वाढते. पाणी ओसरले की कंद चिखलातून काढता येतात. 1896-97 आणि 1899-1900 असे दोन भीषण दुष्काळ सोसलेल्या मध्य प्रांतात, न पेरता मिळणाऱ्या अशा अन्नाचे मोल वेगळे सांगायला नको.

रसेल व हिरालाल यांच्या 1916 च्या जातिविषयक ग्रंथात शिंगाडा पिकवणाऱ्या ढिवरांची पोटजात नोंदली आहे. शिंगाडा लावतात आणि बाजारात विकतात, म्हणून तो धंदा ठरला. कुमुदाचा कंद टोपलीतून थेट चुलीवर जाई. दप्तरात जायला त्याला कारणच नव्हते.

ही उणीव पुढे महागात पडली. 1950 च्या कायद्याने मालगुजारी संपली, 1951 मध्ये तळी सरकारजमा होऊन ‘मामा तलाव’ झाली. मासळीचे ठेके निघू लागले; कंद काढणाऱ्यांच्या हाती मात्र कागद नव्हता. कित्येक तळ्यांत गाळ साचला, बेशरम माजली. 22 एप्रिल 1988 रोजी गोसेखुर्द धरणाची पायाभरणी झाली आणि पुढे कुही तालुक्यातली गावेही बुडितात गेली. जलाशयात पाणी अथांग आहे, पण ते चढते-उतरते; कुमुदाला उथळ, ठरलेले पाणी लागते. मोबदला देताना घर, शेत, विहीर, झाड मोजतात. तळ्यातल्या कंदासाठी रकाना नसतो.

उरलेल्या तळ्यांची जैवविविधता नोंदवही लिहिताना ग्रामसभेने फुलाबरोबर कंदही लिहावा, आणि तो कोण काढतो हेही. पुढच्या बुडिताच्या वेळी दाखवायला निदान तेवढा कागद हाती असेल.